अरुंद पडदा आणि रुंद पान

आमच्या घरची बोली कोंकणी. कोंकणच्या किनाऱ्यावर ‘पडाव’ म्हणजे माल वाहून नेणारी होडी. मोठे जहाज खोल पाण्यात नांगर टाकून उभे राही. अरुंद खाडीत त्याला शिरता येत नसे. मग त्यावरील माल पडावात उतरवून गावच्या धक्क्याशी आणीत. नोकरीनिमित्त ग्वाल्हेरला आलो आणि स्टेशनाजवळच्या वस्तीचे नाव ‘पडाव’ असे ऐकले, तेव्हा आम्हास मोठी गंमत वाटली. कारण समुद्र येथून शेकडो कोस दूर. पुढे कळले की, येथील पडाव म्हणजे तळ, मुक्काम. फौज वा काफिला जेथे उतरे, तेथे जमिनीचा उंचसखलपणा व विस्तार पाहून तंबू ठोकले जात. शब्द एक, अर्थ दोन. परंतु दोहोंमागे शहाणपण एकच आहे. जागा अरुंद असेल तर जागेला दोष न देता आपल्या सामानाची मांडणी बदलावी.

हे शहाणपण या शहराने रुळांवरही पाहिले आहे. ग्वाल्हेरहून श्योपूरकडे जाणारी छोटी आगगाडी २०२० सालापर्यंत धावत होती. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे ६१० मिलिमीटर, तर शेजारच्या मोठ्या गाडीच्या रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. मोठ्या गाडीचा डबा या छोट्या रुळांवर चढवावा असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. छोट्या रुळांसाठी डबे छोटे, एवढे साधे गणित त्यामागे होते. परंतु हेच गणित मोबाइलच्या पडद्यावर पान मांडताना पुष्कळदा विसरले जाते, आणि त्याचा भुर्दंड वाचणाऱ्यास पडतो. तो कसा, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने परगावच्या एका संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज भरावयास घेतला. अर्ज संकेतस्थळावरच भरावयाचा होता. घरात मोबाइल एकच, तोही वडिलांचा. ते रात्री कामावरून परतल्यावर तो तिच्या हाती येई. शेवटच्या दिवशी रात्री तिने नाव, पत्ता, गुण सर्व काही नीट भरले. परंतु ‘सादर करा’ हे बटण काही केल्या सापडेना. पान वर-खाली सरके, पण उजवीकडे सरकेना. मोबाइल आडवा धरून पाहिला, तर अक्षरे टंकित करण्याची कळपट्टी वर येऊन अर्धे पान झाकून टाकी. रात्री बारा वाजता मुदत संपली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली आणि खालमानेने म्हणाली, “सर, मलाच जमलं नाही.”

आम्ही शाळेच्या संगणकावर तोच अर्ज उघडून पाहिला. बटण उजव्या कोपऱ्यात ठळकपणे उभे होते! ज्याने ते पान घडविले त्याला ते रोज दिसत होते. त्या मुलीच्या पडद्याला मात्र तो कोपराच नव्हता. त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली ती गेलीच. परंतु आम्हास अधिक खटकले ते तिचे वाक्य. चूक पानाची असताना दोष तिने स्वतःकडे घेतला होता. आमच्या ओळखीच्या कित्येक वृद्ध गृहस्थांच्या तोंडूनही आम्ही हेच ऐकतो: “आम्हाला आता या वयात हे जमायचे नाही.” त्यांस का जमत नाही, याचे कारण समजून घेतल्यास हा न्यूनगंड पुष्कळ अंशी दूर होईल, अशी आमची समजूत आहे.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रविद्येत आमची गती बेताचीच. तथापि शाळेतील संगणक-शिक्षकांच्या साहाय्याने जे समजून घेतले, ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहो.

प्रथम मापाविषयी. पडद्यावरील मांडणी ‘पिक्सेल’ नावाच्या मापाने मोजतात. पडद्यावर प्रत्यक्ष जे बारीक ठिपके असतात, त्यांहून हे हिशेबी माप निराळे. आजकालच्या मोबाइलवर एका हिशेबी पिक्सेलच्या रुंदीत दोन किंवा तीन ठिपके बसलेले असतात. या मापाने टेबलावरील संगणकाचा पडदा १२८० किंवा त्याहून अधिक पिक्सेल रुंद असतो, तर सामान्य मोबाइलचा पडदा उभा धरला असता सुमारे ३६० ते ४३०. म्हणजे एक दुसऱ्याच्या तिपटीने रुंद. त्या अर्जाची चौकट कोणीतरी ९६० पिक्सेल रुंद ठरवून टाकली होती, असे आमच्या संगणक-शिक्षकांनी दाखवून दिले. ३६० च्या खिडकीतून ९६० चे पान पाहावयाचे म्हटले की ६०० पिक्सेल बाहेर राहणारच. त्यातून पान आडवे सरकू नये अशी आज्ञाही त्यात लिहिलेली होती. पान डगमगले तर बरे दिसत नाही, म्हणून केलेली ही सोय. परंतु तिने बाहेरच्या भागाकडे जाणारी वाटच बंद केली.

आता कोणी विचारील, हा प्रश्न मुळातच का उद्भवला? याचे उत्तर थोडे इतिहासात आहे. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची योजना १९८९ मध्ये मांडली, आणि १९९१ मध्ये पहिले पान जगापुढे आले. त्या पानास रुंदी अशी नव्हतीच. हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा, एवढेच त्यात सांगितलेले असे. ओळ कोठे मोडावी हे वाचणाऱ्याच्या पडद्याच्या रुंदीवरून ठरे. पाणी जसे भांड्याचा आकार घेते, तसा मजकूर खिडकीचा आकार घेई. ते जुने पान आजच्या अरुंद मोबाइलवरही अडखळत नाही.

पुढे या व्यवसायात छपाईच्या सवयी आल्या. छापखान्यात कागदाचा आकार आधी ठरतो. जुळारी ठरलेल्या लांबीच्या ओळीत शिशाचे खिळे बसवितो. ओळ अपुरी पडली तर शब्दांमध्ये जागा सोडतो, जास्त झाली तर शब्द तोडून पुढच्या ओळीत नेतो. छापील पान सर्वांच्या हाती एकाच आकाराचे पडते. त्यामुळे तेथे हे योग्यच होते. परंतु नव्वदीच्या दशकात वेबची पाने घडविणाऱ्यांनीही तसेच करावयास आरंभ केला. कोष्टके आखून त्यांच्या घरांत मजकूर आणि चित्रे बसविली. रुंदी पिक्सेलमध्ये पक्की केली, कधी ८००, कधी ९६०. आपल्या पडद्यावर जे दिसते तेच जगाच्या पडद्यावर दिसेल, हे त्यांनी गृहीत धरले.

२००७ मध्ये आयफोन आला, तेव्हा या गृहीतकास पहिला मोठा धक्का बसला. त्याचा पडदा ३२० पिक्सेल रुंद. जगातील पाने त्याच्या तिप्पट. मग त्याच्या ब्राउझरने एक युक्ती केली. आपली रुंदी ९८० आहे असे सोंग घेऊन तो पान मांडी, आणि मग सारे पान आकसून ३२० मध्ये बसवी. पान पूर्ण दिसे, परंतु १६ पिक्सेलचे अक्षर जेमतेम ५ पिक्सेलचे होई. वाचावयाचे तर दोन बोटांनी पान मोठे करावे, ओळीबरोबर उजवीकडे सरकवावे, ओळ संपली की पुन्हा डावीकडे आणावे. चाळीस ओळींचा परिच्छेद असेल तर हा द्राविडी प्राणायाम चाळीस वेळा! ‘मी सोंग सोडून खरी रुंदी सांगावी’ असे ब्राउझरला बजावणारी एक ओळ पानाच्या शीर्षभागी लिहावी लागते. ती ओळ नसलेली पाने आजही आढळतात, आणि ती अशीच मुंगीच्या अक्षरांत उघडतात. उलट, ती ओळ आहे पण चौकट ९६० चीच ठेवली आहे, असे झाले की आमच्या विद्यार्थिनीस आलेला अनुभव येतो.

यावरचा उपाय मे २०१० मध्ये ईथन मार्कट या अमेरिकन रचनाकाराने एका लेखात सूत्ररूपाने मांडला. त्याची अंगे तीन. ती गणिताच्या उदाहरणाने पाहू.

पहिले अंग प्रमाणाचे. ९६० पिक्सेलच्या पानात डावीकडचा रकाना २४० चा असेल, तर २४० ला ९६० ने भागावे, उत्तर ०.२५ येते. आता रकान्याची रुंदी ‘२४०’ न लिहिता ‘शेकडा २५’ अशी लिहावी. पान लहान झाले की रकानाही त्याच प्रमाणात लहान होतो. दुसरे अंग चित्रांचे. चित्राने आपल्या घराच्या रुंदीपलीकडे जाऊ नये, अशी एक आज्ञा द्यावयाची. तेवढ्याने मोठे छायाचित्र पान फाडून बाहेर येणे थांबते.

परंतु एवढ्याने भागत नाही. ३६० च्या पडद्यावर शेकडा २५ म्हणजे ९० पिक्सेल. एवढ्या जागेत आपल्या लिपीची दहाएक अक्षरेच मावतील, आणि रकाना शब्दांच्या उतरंडीसारखा दिसेल. म्हणून तिसरे अंग हवे, ते अटीचे: ‘पडदा ६०० पिक्सेलहून अरुंद असेल, तर रकाने शेजारी न ठेवता एकाखाली एक ठेव.’ पडावातील तंबूंचेच हे तत्त्व. मैदान रुंद असले की तंबू शेजारी शेजारी, अरुंद असले की एकामागे एक. अशी अट लिहिण्याची पद्धती २०१२ मध्ये वेबच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने अधिकृत केली. यापुढे जाऊन ल्यूक रोब्लेव्स्की यांनी २०११ मधील आपल्या पुस्तकात असे प्रतिपादिले की, पान आधी अरुंद पडद्यासाठीच रचावे आणि मग रुंद पडद्यासाठी विस्तारावे. कारण अरुंद जागेत आवश्यक काय आणि अनावश्यक काय याचा निवाडा करावाच लागतो. निबंधाला शब्दमर्यादा घातली की विद्यार्थ्यास जी शिस्त लागते, तीच ही.

येथवरचे विवेचन जगातील सर्व भाषांना लागू आहे. परंतु मराठी पानाचे काही दुखणे स्वतःचे आहे.

पहिले दुखणे लांब शब्दांचे. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दास चिकटून येतात. ‘महानगरपालिकेसमोरील’, ‘शिष्यवृत्तीधारकांसाठीसुद्धा’ असे शब्द आपण सहज लिहितो. ब्राउझर सामान्यतः शब्दांमधील मोकळ्या जागीच ओळ तोडतो. मथळ्यासारख्या मोठ्या अक्षरांत असा शब्द आला की तो चौकटीबाहेर जातो, आणि एका शब्दापायी सारे पान आडवे सरकू लागते. ‘जागा नसेल तेव्हा शब्द मध्येच तोडावा’ अशी परवानगी देता येते. ती द्यावयास हवी. आपल्या पूर्वजांनी तर ती केव्हाच दिली होती. शिंदे दरबारच्या या नगरीत ज्या मोडी लिपीत मराठी कारभार चाले, तिच्यात लेखक आधी कागदभर आडवी रेघ ओढी व मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही चाल नव्हती. कागद कितीही अरुंद असो, मजकूर अडत नसे.

दुसरे दुखणे उंचीचे. रोमन अक्षरांपेक्षा आपल्या लिपीस वर आणि खाली अधिक जागा लागते. ‘मूर्तींच्या’ हा एकच शब्द पाहा. खाली दीर्घ ऊकार. वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार. रोमन अक्षरांवरून बटणाची वा ओळीची उंची पक्की ठरविली की आपल्या अक्षरांची डोकी उडतात. आणि हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. ‘मुलांचे शुल्क’ यातील अनुस्वार कापला गेला की ‘मुलाचे शुल्क’ उरते. अनेकांचे एक झाले! सूचनाफलकावर अशी चूक आम्ही विद्यार्थ्यांस करू देत नाही. मग पडद्यावर ती का चालवावी? उपाय सोपा आहे. उंची बांधून न टाकता मजकुराप्रमाणे वाढू द्यावी, आणि ओळींमध्ये थोडी अधिक जागा ठेवावी.

तिसरे दुखणे दोन्ही कडा सारख्या करण्याच्या हौसेचे. रुंद छापील पानात ते शोभते. अरुंद पडद्यावर एका ओळीत तीन-चार शब्दच मावतात; त्यांना ताणून कडेला पोहोचविले की मध्ये मोठमोठी भगदाडे पडतात, आणि वाचणाऱ्याची नजर त्यांत ठेचकाळते. जुळाऱ्यास शब्द कोठे तोडावा हे ठाऊक असे, म्हणून वर्तमानपत्राचे रकाने तो सावरून घेई. जेथे तसा जाणता हात नाही, तेथे उजवी कड ओबडधोबड राहिलेली बरी.

परक्यांचे दोष दाखवीत असताना स्वतःच्या घराकडे डोळेझाक करणे उचित नव्हे. आमच्या या वार्षिकाचा गेल्या वर्षीचा अंक माजी विद्यार्थ्यांस पीडीएफ रूपाने पाठविला होता. १९९३ मध्ये निर्माण झालेला हा प्रकार कागदाचे हुबेहूब चित्र जतन करण्यासाठी आहे, आणि त्या कामी तो उत्तमच आहे. परंतु आमचे पान २१० मिलिमीटर रुंद, आणि मोबाइलचा पडदा सुमारे ७०. म्हणजे सारे काही तृतीयांश झाले. बारा पॉइंटचे अक्षर चार पॉइंटचे बनले. त्यात मजकूर दोन रकान्यांत. पहिला रकाना वाचीत तळाशी जावे, मग पुन्हा शिखरावर चढून दुसरा रकाना धरावा. पुण्यास मुलाकडे राहणाऱ्या एका वृद्ध माजी विद्यार्थ्याने फोन करून सांगितले की, अंक मिळाला, छायाचित्रे पाहिली, वाचणे मात्र झाले नाही. पन्नास वर्षांनी ज्यास शाळेची आठवण येते, त्याच्यापर्यंत आपण नुसती चित्रेच पोहोचविली, याचे आम्हास वाईट वाटले. या वर्षी छापील अंकाबरोबर तोच मजकूर एका रकान्याच्या साध्या वाहत्या पानांतही देण्याचे आम्ही ठरविले आहे.

कोष्टकाचा प्रश्न मात्र खरोखर कठीण आहे. शाळेचे वेळापत्रक घ्या. सहा वार, आठ तास, अठ्ठेचाळीस घरे. ती ३६० पिक्सेलमध्ये शेजारी शेजारी बसविली तर ‘भूगोल’ हा शब्दही मावणार नाही. येथे दोन मार्ग संभवतात. एक, पान स्थिर ठेवून केवळ कोष्टकास आडवे सरकू द्यावे, आणि ते सरकते हे वाचणाऱ्यास दिसेल अशी खूण ठेवावी. दुसरा, प्रत्येक वाराची निराळी यादी करून त्या एकाखाली एक मांडाव्या. विद्यार्थ्यास बहुधा ‘उद्या कोणते तास?’ एवढेच पाहावयाचे असते. त्यास दुसरा मार्ग सोयीचा. मांडणी ठरविण्यापूर्वी वाचणारा काय शोधीत आला आहे हे विचारावे, एवढा बोध यातून घेता येईल.

कोणी म्हणेल, मोबाइल लहान असतो हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. मोठे काम मोठ्या संगणकावर करावे. परंतु घरोघर संगणक कोठे आहे? २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटने मोबाइल खेड्यापाड्यांत नेला, आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कितीतरी मुलांची शाळा त्या अरुंद पडद्यावरच भरली. शिवाय अरुंद पडदा हा केवळ मोबाइलधारकांचा प्रश्न नाही. ज्याची दृष्टी अधू आहे तो आपल्या १२८० पिक्सेलच्या संगणकावर अक्षरे चौपट मोठी करतो. १२८० ला ४ ने भागा, ३२० उरतात. म्हणजे त्याचा मोठा पडदाही मोबाइलएवढाच झाला. म्हणूनच २०१८ मध्ये वेबच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने सुगम्यतेचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत ३२० पिक्सेल रुंदीतही मजकूर आडवा न सरकविता वाचता यावा, असा एक निकष घातला. नकाशे आणि कोष्टके यांना तेवढी सवलत आहे. साध्या मजकुरास आणि अर्जास नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येक जण उद्या अशी पाने घडवितील. कोणी बँकेत बसेल, कोणी कचेरीत. पान स्वतः घडविले नाही तरी ते कसे असावे हे सांगण्याचा अधिकार तुमच्याकडे येईल. त्या वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पान पुरे झाल्यावर ते आपल्या मोठ्या पडद्यावर पाहून समाधान मानू नये. घरातील सर्वांत लहान आणि जुना मोबाइल घ्यावा, त्यावरील अक्षरे मोठी करावी, आणि शेवटचे बटण सापडेपर्यंत पान स्वतः वापरून पाहावे. आणि तुम्ही वाचणाऱ्यांच्या बाजूस असाल, तर बटण न सापडल्याचा दोष आपल्या माथी घेऊ नये. मुदत संपण्याची वाट न पाहता शाळेत यावे, संगणकावर अर्ज उघडावा, आणि त्या संस्थेस काय दिसले नाही ते स्पष्ट शब्दांत लिहून कळवावे.

ती विद्यार्थिनी आता दहावीत आहे. गेल्या महिन्यात संगणकाच्या तासाला विद्यार्थ्यांनी शाळेच्या वेळापत्रकाचे पान तयार केले. सर्वांचे पान मोठ्या पडद्यावर छान दिसत होते. हिने मात्र आदल्या रात्री आपले पान वडिलांच्या मोबाइलवर उघडून पाहिले होते, आणि शनिवारचा शेवटचा तास कडेबाहेर जातो हे हेरून मांडणी बदलून आणली होती. आम्ही विचारले, “हे तुला कसे सुचले?” ती म्हणाली, “सर, आमच्या घरी तोच एक पडदा आहे.”